मामा येईपर्यंत

लुफेयो नाखुम्वा त्या सकाळी घरून निघाला तो पीठ पोचवायला. यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. सायकलच्या मागे मक्याच्या पिठाची अर्धी गोणी, तिच्यावर केळीच्या सोपटात बांधलेली सुकी मासळी, हँडलला कांद्यांची जुडी, आणि कानात बायकोच्या शिव्या. शिव्या अशासाठी की हे पीठ शुक्रवारी पोचायचं होतं आणि आज मंगळवार उजाडला होता.

"तिकडे दवाखान्यात आजी नि पोर काय दगड शिजवून खातायत?" बायको म्हणाली होती.

"दगडाला मीठ लागतं," लुफेयो म्हणाला. "मीठही नेतोय की."

असा हा माणूस. वय अठ्ठावन्न, पुढचे दोन दात गेलेले, आणि ज्या दिवशीचं काम त्या दिवशी केल्याचा डाग अंगावर एकही नाही. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला, आणि सायकल पंक्चर झाली म्हणून सांगितलं. तेव्हा त्याच्याकडे सायकल नव्हती. तरी गावात त्याला मान होता, कारण तो मामा होता. मुलांजे डोंगराच्या पायथ्याला बाप म्हणजे बायकोच्या घरचा पाहुणा. त्याने अंगण झाडावं, बोलावलं तर जेवावं. घर बाईचं, पोरं बाईची, आणि त्यांच्याबद्दल शेवटचा शब्द बाईच्या भावाचा. लग्न असो, दुखणं असो, कुणाला कुठे पुरायचं ते असो, मामा हो म्हणेपर्यंत पान हलत नाही. बहिणी, भाच्या आणि त्यांची पोरं असा जो गोतावळा एका मामाच्या पंखाखाली असतो, त्याला तिकडे म्बुम्बा म्हणतात. कुणाच्या म्बुम्बात चाळीस माणसं असतात. लुफेयोच्या पंखाखाली, बहीण तापाने गेल्यापासून, एकच भाची उरली होती. एनेलेसी.

एनेलेसीला दोन मुलगे, दोन्ही पोट कापून काढलेले. मुलगे गुणी होते, खायचेही भरपूर, पण ते मोठे होऊन दुसऱ्या कुणाचं अंगण झाडणार. म्बुम्बा पुढे चालवायला मुलगी लागते. नवरा जोहान्सबर्गला खाणीत जाण्याआधी तिसऱ्या बाळाची सोय करून गेला होता, आणि लुफेयो गावभर सांगत फिरत होता, "या खेपेला मुलगी. नाही झाली तर चौथी खेप. आपल्याला कुठे घाई आहे?"

दवाखान्यात सोनोग्राफी केली तेव्हा मात्र वेगळंच निघालं. वार खाली बसलेली, थेट गर्भपिशवीच्या तोंडावर. बाळाच्या दारात बाळाचीच शिदोरी आडवी पडावी तसं. आणि मागच्या दोन टाक्यांच्या जागी ती पिशवीला नको तितकी चिकटलेली. सिस्टर म्हांगो, उत्तरेकडची, बोलायला फटकळ, तिने लुफेयोला बाकावर बसवून समजावलं होतं.

"मामा, भिंतीवरची वेल ओढली की सुटून येते. पण तिने भेगेत मूळ घातलं असलं तर?"

"तर भिंत येते."

"हिची वार जुन्या टाक्यात मूळ घालून बसलीय, असं डॉक्टरांना वाटतंय. म्हणून हिला घरी न्यायचं नाही. इथे आवारातल्या शेडमध्ये ठेवायचं. ओझं नाही, झोपून राहायचं. रक्ताचा एक थेंब दिसला तरी लगेच वॉर्ड. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देऊ, रक्ताच्या पिशव्या जमवू, आणि कळा सुरू व्हायच्या आत, दिवस ठरवून ऑपरेशन."

"दुखलंच नाही तर घाई कशाला?"

"दुखणं ओरडतं तरी, मामा. हे गुपचूप येतं."

रक्त द्या म्हटल्यावर गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना त्याच आठवड्यात आपापली शेतं आठवली. त्या भागात रक्त शोषणाऱ्यांच्या अफवा दर दोन-चार वर्षांनी उठतात आणि सुई दिसली की दांडगे गडी झाडावर चढतात. लुफेयोने तेवढी एक पिशवी दिली. मोठ्या तोऱ्यात दिली, आणि पुढे पंधरा दिवस त्या पिशवीच्या नावावर लोकांकडून चहा उकळला.

तर आता तो पीठ घेऊन निघाला होता. चहाच्या मळ्यांतून सात मैलांचा रस्ता. जून महिना, आणि डोंगरावर चिपेरोनी उतरला होता. चिपेरोनी म्हणजे पाऊस नाही आणि धुकंही नाही, दोघांचं अनौरस पोर. पांढरं, गार, दिवसभर हटत नाही. सकाळचे दहा आणि दुपारचे तीन सारखेच दिसतात. तीन हातांपलीकडचं झुडूप माणसासारखं दिसतं आणि माणूस झुडपासारखा. आवाज जवळचा की लांबचा ते कळत नाही. कुठेतरी कोंबडा आरवतो आणि वाटतं आपल्या खिशात आरवला.

चौथ्या मैलावर साखळी उतरली. लुफेयो खाली बसला, हात काळे केले, सायकलच्या आईबापांची आठवण काढली. मळ्यात आज पानं खुडायला कुणी नव्हतं. एवढं सामसूम की झुडपांवरून गळणारं पाणी मोजता आलं असतं.

"आज तरी पोचा, मामा."

मागे एक बाई उभी होती. पोटुशी, अगदी भरत आलेली. डोक्यावर निळ्या कडेचं पत्र्याचं घमेलं, त्यात घडी घातलेला प्लॅस्टिकचा कागद, ब्लेडचं पातं, दोऱ्याची गुंडी. बाळंतपणाला निघालेली बाई हेच सामान घेऊन निघते, त्यामुळे लुफेयोला नवल वाटलं नाही. पाय अनवाणी होते. कमरेचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं.

"कुठली गं तू?"

"खालच्या अंगाची."

"एकटीच निघालीस? बरोबर आजी-मावशी कुणी?"

"त्या पुढे गेल्या. मी मामांसाठी मागे राहिले."

"मामा लोक असेच," लुफेयो म्हणाला. "माझ्यावर गेलेला दिसतोय."

ती हसली नाही. लुफेयोच्या विनोदाला न हसणारी बाई त्या तालुक्यात एकच होती आणि ती त्याच्याशी लग्न करून बसली होती.

"शब्द द्यायचा होता त्यांनी," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत येतो, तोवर कुणी हिला हात लावू नका, म्हणाले."

"काल संध्याकाळी?"

तिने बराच विचार केला. मग हात लांबवून रस्त्याकडेच्या चहाच्या झुडपावर ठेवला. कमरेएवढं झुडूप, बुंधा माणसाच्या मांडीसारखा. "तेव्हा हे माझ्या घोट्याएवढं होतं," ती म्हणाली.

लुफेयो मनापासून खूश झाला. आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या, आज कुणीतरी तोडीस तोड भेटलं. तो सायकल हातात धरून तिच्यापुढे चालू लागला आणि तिला एकेक सांगू लागला: चर्चच्या घंटेला मध लावला ते, सरपंचाच्या बकरीला त्याचीच टोपी घातली ते. मागून हूं नाही की चूं नाही. पावलंही ऐकू येत नव्हती. ऐकू येत होतं ते एवढंच, टप... टप... आणि जरा वेळाने पुन्हा टप. आणि वास येत होता. लोखंडी तवा घासून ओलाच ठेवला की येतो तसा.

"तुझं घमेलं गळतंय का गं?" त्याने मागे न बघता विचारलं.

"घमेलं नाही, मामा."

मग त्याने गोष्टी सांगणं बंद केलं. का कोण जाणे, मागे बघायलाही त्याचं मन झालं नाही. सायकल ढकलण्याचा वेग मात्र वाढला. दवाखान्याचं फाटक आलं तेव्हा त्याने धीर करून मान वळवली, आधी तू जा म्हणायला. रस्ता मोकळा होता. खाली बघावं तर तिथली माती मुळातच तांबडी. तिच्यावर काय सांडलंय ते कळायला मार्ग नाही.

फाटकात फालेसी आजी उभी होती. एनेलेसीच्या आईची मावशी, ऐंशीची, पाठीत वाकलेली, जिभेने ताठ.

"आलास? बस, तुझ्यासाठी चटई अंथरते. तीन निरोप धाडले पहाटेपासून. फोन कुठाय तुझा?"

"चार्जिंगला. दुकानात."

"कधीपासून?"

"रविवारपासून."

आजीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. "पोरीला रक्त जातंय," ती म्हणाली. "जरासुद्धा दुखलं नाही. उठली ती चटई सगळी..." आणि आजी बोलता बोलता थांबली. लुफेयोने तिला आजवर वाक्य अर्धं सोडताना कधी बघितलं नव्हतं. पिठाची गोणी तिथेच पडली.

वॉर्डात एनेलेसी पलंगावर होती. पायथा विटांवर चढवलेला, हाताला सलाईन, ओठ राखेच्या रंगाचे. उशाशी सिस्टर म्हांगो, हातात पाटी, पाटीवर कागद.

"तुमची भाची बघा, मामा. आज चार वेळा पाया पडले मी हिच्या. हिची एकटीची सही पुरते. कायद्याने पुरते, देवाने पुरते. पण नाही. मामा."

"मी केली असती सही," एनेलेसी हळूच म्हणाली. "पण पिशवी काढावी लागेल म्हणतात. ती काय माझी एकटीची आहे, मामा?"

लुफेयो काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडून उभा राहिला.

"बाळ काढा," तो म्हणाला. "पिशवी राहू द्या."

"वार सुटली तर ठेवूच," सिस्टर म्हणाली. "सुटली नाही तर ओढायची नाही. ओढली तर नळ फुटल्यासारखं होईल आणि ही टेबलावरच जाईल. वार आत तशीच ठेवून पिशवीसकट बाहेर काढायची, हाच मार्ग. डॉक्टर हात धुऊन उभे आहेत. तुमच्या पिशवीसकट रक्ताच्या दोनच पिशव्या आहेत. दर मिनिटाला हिचं कमी होतंय, तुम्ही जमवलेलं वाढत नाहीये."

"आणि मुलगी नसली तर? तिसराही मुलगाच असला तर? मग माझ्यामागे..."

एनेलेसी छताकडे बघत राहिली.

"पाच मिनिटं," लुफेयो म्हणाला. "जरा बाहेर जाऊन येतो."

"घड्याळाची पाच की तुमची?" सिस्टरने विचारलं.

तो बाहेर पडला. त्याला एका जागी उभं राहवेना. तो शेडपाशी गेला, तिथे बायका मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत होत्या, त्यांनी वर बघितलं म्हणून परत फिरला. नळापाशी गेला, पाणी प्यायचं विसरला. आंब्याखाली गेला, तंबाखूची पुडी सोडली, पुन्हा बांधली. आपल्या आजीने, तिच्या आजीने पोटातून पोटात आणलेला दोरा आपल्या अंगठ्याने कापायचा. लोक काय म्हणतील? लुफेयोने म्हणे थट्टा-थट्टेत म्बुम्बा संपवला. पण दोरा राहिला आणि पोर गेली तर दोऱ्याला लोंबकळणार कोण? हे त्याला कळत होतं. कळत होतं आणि पाय वॉर्डाकडे वळत नव्हते. पाय आयुष्यभर उद्याच्याच रस्त्याला लागलेले. तसाच चालत चालत तो वॉर्डाच्या मागच्या बाजूला गेला.

तिकडे सहसा कुणी जात नाही. तिकडे वारेचा खड्डा आहे: बाळंतिणींची वार टाकतात तो, वर सिमेंटचं झाकण, झाकणातून वर गेलेली एक नळी. चिपेरोनी तिथे इतका दाट होता की नळीचं टोक दिसत नव्हतं. सगळा आवाज बंद झाला होता. शेडमधल्या बायकांची भांडी, सलाईनच्या गाडीचं चाक, काही नाही.

भिंतीला लागून सिमेंटचा कट्टा होता. कट्ट्यावर बायका बसल्या होत्या.

एका रांगेत, पाठी ताठ, प्रत्येकीच्या मांडीवर घमेलं. लुफेयोला आधी वाटलं, नंबर लावून बसल्यात. मग त्याचं लक्ष घमेल्यांकडे गेलं. या टोकाला प्लॅस्टिकची होती, लाल, हिरवी, बाजारात आज मिळतात ती. पलीकडे निळ्या कडेची पत्र्याची. त्याच्याही पलीकडे, धुकं सुरू होतं तिथे, मातीची मडकी. आणि त्या पुढेही रांग होती, फक्त दिसत नव्हती. सगळ्यांच्या कागदाच्या नि फडक्यांच्या घड्या जशाच्या तशा. एकीनेही उलगडलेली नव्हती.

"मामा आले का?" सगळ्यात जवळची म्हणाली. अगदी हळू, देवळात बोलतात तसं.

"कुणाचे?" लुफेयोच्या तोंडून निघालं.

"कुणाचेही..."

रांगेत मधोमध रस्त्यावरची ती बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, ओळखीचं न दाखवता.

"सरका गं," ती म्हणाली. "एक येतेय."

आणि त्या सगळ्या सरकल्या. एकेक जागा, पलीकडच्या अंगाला. घमेली एकमेकांवर घासली, तो आवाज रांगेतून लांब लांब जात धुक्यात गेला आणि बराच वेळ थांबला नाही. या टोकाला एक जागा रिकामी झाली. सगळा कट्टा ओला होता, तेवढीच जागा कोरडी.

वॉर्डाचं मागचं दार वाजलं नाही. पण एनेलेसी बाहेर आली. हाताला सलाईन नव्हतं, चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. मागच्या महिन्यात लुफेयोनेच घासाघीस करून घेतलेलं पिवळं घमेलं तिने छातीशी धरलं होतं. ती त्याच्या अंगावरून गेली, इतक्या जवळून की त्याला तो ओल्या तव्याचा वास आला.

"एनेलेसी," तो म्हणाला. "अगं... मी इथे..."

ती त्या बायकांशी बोलत होती. "मामा अजून यायचेत," ती म्हणाली. "तोवर बसू का?"

"बस," रस्त्यावरची म्हणाली. "आम्हीही तोवरच बसलोय."

एनेलेसीने एका हाताने लुगडं सावरलं आणि बसायला वाकली.

लुफेयो पळाला. अठ्ठावन्न वर्षांत तो पहिल्यांदा पळाला. एक चप्पल आंब्याखाली राहिली, गुडघा नळाच्या दगडावर फुटला, न्सिमाच्या पातेल्यात पाय गेला. वॉर्डात पलंगावर एनेलेसी होती, डोळे अर्धे मिटलेले, नुसतं पांढरं दिसत होतं. पलंगाखाली टप... टप... आणि सिस्टर म्हांगो ढकलगाडीसाठी ओरडत होती.

"कागद द्या."

"शाईचा पॅड... अहो, आत्ता तर इथे..."

लुफेयोने पॅडची वाट बघितली नाही. रक्ताने भिजलेली चादर हाताशी होती. तिच्यावर अंगठा दाबला आणि तोच कागदावर उठवला. "काढा," तो म्हणाला. "लागेल ते सगळं काढा. मला फक्त पोर परत द्या."

गाडी थिएटरच्या दारातून आत गेली. फालेसी आजी दाराशी बसली, लुफेयो फेऱ्या मारत राहिला. एका पायात चप्पल, एक अनवाणी, त्यामुळे त्याची चाल बदकासारखी झाली होती. एरवी यावर तो स्वतःच चार दिवस हसला असता. वॉर्डाच्या मागे जाऊन बघायचं त्याच्या मनात येत होतं आणि प्रत्येक वेळी तो अर्ध्यावरून परत येत होता.

दोन तासांनी सिस्टर बाहेर आली. टोपी हातात, केस घामाने चिकटलेले.

"मुलगी," ती म्हणाली. "जेमतेम दोन किलो, पण रडली झकास. भाची जिवंत आहे. वार सुटली नाही. डॉक्टरांनी हात लावला नाही तिला, पिशवीसकट काढली. तुम्ही अजून दहा मिनिटं लावली असतीत ना, मामा..."

फालेसी आजीने तोंडावर हात ठेवून हळूच आनंदाचा सूर काढला, दवाखाना आहे म्हणून हळूच.

"आणि तिसरी पिशवी वेळेवर आली म्हणून वाचली," सिस्टर म्हणाली. "दोनमध्ये भागलं नसतं."

"तिसरी कुठली?"

"तुमच्याबरोबर आलेल्या बाईने दिली ती. लॅबवाला म्हणाला, मामांच्या माणसांपैकी आहे म्हणून सांगितलं तिने."

लुफेयो म्हणाला, "पोटुशी होती ती."

"काहीतरीच काय. पोटुशीचं रक्त कुणी घेईल का? बारीक बाई, पोटबीट काही नाही, पाय अनवाणी. हात बर्फासारखे होते म्हणाला, शीर सापडेना. पण रक्त बरोब्बर जुळलं." सिस्टरने टोपी झटकली. "नाव तेवढं लिहायचं राहिलं. विचारलं तर म्हणाली, मामा येऊन सांगतील. तर सांगा आता."



पोरीचं नाव ठेवलं लोंजेझो, म्हणजे दिलेला शब्द. दोन महिन्यांत ती गुटगुटीत झाली, एनेलेसी चुलीपाशी उभी राहायला लागली, आणि गावाने काही म्हटलं नाही. उलट म्हणाले, लुफेयोने जन्मात एक काम वेळेवर केलं. त्याने त्यावरही चहा उकळायला हवा होता. पण तो हल्ली कमी बोलायचा, आणि जून जवळ आला की मुळीच नाही.

पुढच्या जूनमध्ये चिपेरोनी उतरला तेव्हा लुफेयो भाचीकडे गेला होता. एनेलेसी शेंगा सोलत होती. सोलता सोलता थांबली, सूप बाजूला ठेवलं, आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. पाठ ताठ, हात मांडीवर.

"काय गं?"

"मामा अजून आले नाहीत," ती म्हणाली.

"हा काय मी."

तिने त्याच्याकडे वळून बघितलं, पाहुण्याकडे बघतात तसं, अदबीने. "तुम्ही नव्हे, बाबा," ती म्हणाली. "माझे."

धुकं उठलं तशी ती उठली आणि शेंगा सोलायला लागली. त्याने विचारलं तर हसत सुटली. "मामा, मला तरी सोडा की. मला कशाला बनवता?" गावात सांगितलं तर गावही हसलं. मधाची घंटा, टोपीवाली बकरी, आता हे. चाळीस वर्षं लोकांना फसवल्यावर खरं सांगायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग लुफेयो बाजार फिरायला लागला. सोमवारचा, गुरुवारचा, शनिवारचा, जिथे भरेल तिथे. म्हातारे बाप्ये बसलेले दिसले की जवळ जाऊन बसायचा, तंबाखू द्यायचा, आणि विचारायचा: तुमच्या घराण्यात कुणी मामा होता का, संध्याकाळी येतो म्हणून भाचीला निरोप धाडलेला, आणि न गेलेला? म्हातारे तंबाखू घ्यायचे. कुणी खाली बघायचा, कुणी विषय बदलायचा. हो कुणीच म्हणालं नाही. नाही म्हणणारेही फार थोडे होते.

दुसऱ्या वर्षी एनेलेसी उंबऱ्यावर थांबली नाही, न्हाणीच्या कुडापर्यंत गेली. तिसऱ्या वर्षी केळींपर्यंत. चौथ्या वर्षी ती त्याला रस्त्याच्या तोंडाशी सापडली, आणि त्याने तिला हाताला धरून घरी आणलं.

या जूनमध्ये तो पोचला तेव्हा घर उघडं होतं आणि चुलीवर पाणी उकळत होतं. लुफेयोने सायकल दवाखान्याच्या रस्त्याला घातली. त्या दोघी त्याला चौथ्या मैलावर दिसल्या, मळ्यात, एनेलेसी आणि तिचं बोट धरलेली लोंजेझो. रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, कुठेही न जाता. चहाच्या झुडपांवरून पाणी गळत होतं.

"चला घरी," लुफेयो म्हणाला. "पोर गारठेल."

एनेलेसीने ऐकलं नाही. पोरीने मात्र मान वर करून बघितलं. तिला यातलं कधी कुणी काही सांगितलं नव्हतं. तोंडातला अंगठा काढून तिने तो खालच्या उतारावर, पांढऱ्या धुक्याकडे दाखवला.

"ते बघा ना," ती म्हणाली. "निघाले एकदाचे."

लुफेयोने कान दिला. खालून कुणीतरी चढण चढत होतं. काठी टेकत, दम खात, सावकाश. ज्याला घाई करायची कधी सवयच नव्हती अशा माणसाची ती चाल होती. लुफेयोने सायकल टाकून दिली आणि दोघींचे हात घट्ट धरले. लोंजेझोचा हात त्याच्या मुठीत राहिला. एनेलेसीने तिचा हळूच सोडवून घेतला, डोक्याचं फडकं सारखं केलं, आणि ओल्या मातीत गुडघे टेकून खाली मान घालून बसली, घरचं मोठं माणूस येताना बायका बसतात तशी.